आत कोण, बाहेर कोण

"वैनी, जाळी कशापायी पायजे? कोंबड्या भायर जाऊ नयेत म्हनून, का भायरचं कुनी आत येऊ नये म्हनून?"

वेल्डिंगवाल्याने हे विचारलं तेव्हा तो गंमत करत नव्हता. त्याच्या दुकानात भिंतीला टेकून जाळीची दोन भेंडोळी उभी होती. एक चिकन जाळी, षटकोनी छिद्रांची, बोटाने दाबली तरी दबणारी. दुसरी वेल्डमेश, अर्ध्या अर्ध्या इंचाचे चौकोन, तारेचा प्रत्येक सांधा वितळवून जोडलेला. दुसरी पहिलीपेक्षा चांगलीच महाग. चिकन जाळीने कोंबडी अडते. रानमांजर अडत नाही. ते पंजा घालतं आणि जे हाताला लागेल ते ओढून घेतं, मग बाकीची कोंबडी आतच राहिली तरी त्याला चालतं. हे मी त्याच्या दुकानाची पायरी चढण्याआधीच शिकले होते, म्हणून काही न बोलता दुसऱ्या भेंडोळ्याकडे बोट दाखवलं.

तोवर माझ्या दहा कोंबड्यांच्या सात झाल्या होत्या.

२०२०च्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याहून गावी आलो ते पंधरा दिवसांसाठी, आणि राहिलोच. गाव कराडपासून बारा-तेरा किलोमीटरवर, चहूकडे ऊस. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटला सासूबाई पहिल्या दिवसापासून खुराडं म्हणत आल्यात. त्यामुळे मी कोंबड्या पाळायचं बोलले तेव्हा त्यांनी आधी एक टोमणा मारून घेतला. "एका खुराड्यातनं सुटलीस, आता दुसरं मांडतीस व्हय?" आणि मग लगेच, धंद्याच्या आवाजात, "ठेवणार कुठं?"

मला वाटत होतं तो नंतरचा प्रश्न. पिल्लं तर आणू, मग बघू. सप्टेंबरात ग्रामप्रिया या सरकारी सुधारित जातीची महिन्याभराची नऊ पिल्लं आणली. शेजारच्या आक्कांनी त्यांची एक गावठी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, भर म्हणून दिली, काळी, मानेवर सोनेरी छटा असलेली. आणि ती पहिली रात्र सगळ्यांनी काढली आक्कांच्याच डालग्याखाली.

डालगं हे खरं तर सगळ्यात जुनं आणि सगळ्यात सोपं खुराडं. बांबूच्या कांबींची विणलेली मोठी टोपली, पालथी घालायची आणि वर दगड ठेवायचा. दार नाही, कडी नाही. दिवसा अंगणात पिल्लांवर घातलं की वरून घार येत नाही, बाजूने कावळा चोच मारू शकत नाही, आणि कांबींच्या मधून हवा तर खेळतेच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो, ते झाकणं या डालग्यानेच. शहरात वाढल्यामुळे मी ती म्हण शाळेत पाठ केली होती, पण कोंबडं झाकतात म्हणजे नक्की काय करतात हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्या भागात डालगी विणणारे बुरूड आता थोडे राहिलेत. बाजारात त्याच आकाराच्या, निळ्या-हिरव्या प्लॅस्टिकच्या जाळीदार पाट्या मिळतात. त्या हलक्या असतात. कुत्र्याने नाकाने ढकलली की सरकते.

डालगं रात्रीसाठी पुरेसं होतं कारण ते घरात ठेवायचे, चुलीच्या खोलीत नाहीतर सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात. मी ते अंगणात ठेवलं तेव्हा सासूबाई काही न बोलता उठल्या, डालगं पिल्लांसकट ओढत सोप्यात आणलं आणि आपल्या खाटेशेजारी ठेवलं. बांबूच्या कडेबरोबर दहा पिल्लं आतल्या आत चालत आली. ते दृश्य मी विसरणार नाही.

मग त्यांनी मला जुनं खुराडं कुठे होतं ते दाखवलं. दाखवलं म्हणजे काय, काठी टेकवली. सोप्याच्या जोत्यात, पायऱ्यांच्या डाव्या अंगाला. आता तिथे गुळगुळीत फरशी आहे. २००८ साली घराची डागडुजी केली तेव्हा ते तोंड सिमेंटने बुजवून टाकायला मीच सांगितलं होतं. पाहुणे पहिली पायरी चढतात तिथेच ते भोक, आणि वास.

घर बांधतानाच जोत्याच्या दगडी बांधकामात ती पोकळी सोडलेली होती. तोंड हातभर रुंद आणि दीड हात उंच, आत तीन-साडेतीन हात खोल. वर सोप्याची जमीन. तोंडाला शहाबादी फरशीचा तुकडा, त्याला बाहेरून दगडाचा टेकू. खाली राख पसरायची. कोंबड्या दिवेलागणीला आपल्या आपण आत जायच्या, कारण अंधारात कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि हे तिला पक्कं ठाऊक असतं. अंडी काढायला आणि झाडायला मोठं माणूस आत मावायचं नाही. घरातलं सगळ्यात लहान पोर खराटा घेऊन सरपटत आत जायचं. माझे यजमान सात वर्षांचे होईपर्यंत ते काम त्यांच्याकडे होतं. आजही ते अंड्याचं ऑम्लेट खातात, उकडलेलं अंडं खात नाहीत. दोन गोष्टींचा संबंध आहे असा माझा संशय आहे.

या खुराड्याचं खरं कौतुक मात्र वेगळं होतं. सासूबाई त्याच्या बरोबर वर झोपायच्या. रात्री निजण्याआधी टाचेने जमिनीवर दोनदा ठोकायचं. खालून झोपेतली कुरकुर यायची. त्या कुरकुरीवरून त्या कोंबड्या मोजायच्या. मला हे थापेसारखं वाटलं होतं. "आवाज येगयेगळा असतोय की," त्या म्हणाल्या, जशी मी माणसं आवाजावरून ओळखता येतात का असं विचारलं होतं. भुरट्या चोरांचे दिवस होते. अंड्यांचे पैसे हे घरातले तेवढेच पैसे, जे सासऱ्यांच्या हातातून यायचे नाहीत. त्यातून बांगड्या भरल्या, पोरांच्या वह्या आल्या, आणि नणंदेच्या कानातलं घडलं.

आता कुणी म्हणेल, जुनं ते सोनं. तसं नव्हतं. त्या बिळाला खिडकी नव्हती. पिसवा इतक्या की झाडून बाहेर आलेल्या पोराला अंगणातच उघडं करून आंघोळ घालायची. दगडांच्या फटींत गोचिडी. आणि एका उन्हाळ्यात मानमोडी आली. इंग्रजांच्या काळात, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, हा रोग कुमाऊंतल्या राणीखेतला नोंदवला गेला, म्हणून पुस्तकात त्याला राणीखेत म्हणतात. आपलं मराठी नाव जास्त खरं आहे, कारण कोंबडीची मान खरोखर पिळवटते. तेव्हा गावात लस मिळायची नाही. आता पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात टाकतात आणि पुढे सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा टोचतात. हवा नसलेल्या बिळात चौदा कोंबड्या एकमेकींच्या श्वासात बसलेल्या. रात्री सासूबाईंनी टाच आपटली तेव्हा आवाज कमी आले. सकाळी फरशी बाजूला केली तर दोन बाहेर आल्या. त्यानंतर सासूबाईंनी कोंबड्या पाळल्या नाहीत. म्हणजे मी २००८ साली जे बुजवलं ते रिकामंच होतं. हे मला त्यांनी बारा वर्षांनी सांगितलं.

आमचं पहिलं खुराडं मी मोबाइलवरून मागवलं. फोटोत हिरवळ होती, पांढऱ्या रंगाची चौकट होती, उतरतं छप्पर, छोटीशी शिडी, आणि टोपी घातलेली एक मुलगी. "१० ते १२ पक्ष्यांसाठी." चपट्या खोक्यात आलं. दोन तास पान्याने नट आवळून उभं केलं आणि टेपने मोजलं, तर झोपायची जागा चार फूट बाय दोन फूट. आठ चौरस फूट. झोपण्यापुरतं धरलं तरी मोठ्या कोंबडीला दोनेक चौरस फूट लागतात. म्हणजे चार मावतील. फोटोतल्या कोंबड्या बहुधा बुटक्या जातीच्या होत्या, नाहीतर ती मुलगी फार मोठी.

त्याहून मोठी चूक मला महिन्याभराने कळली. बसायची दांडी अंडी घालायच्या खोक्यापेक्षा खाली होती. कोंबडी रात्री जिथे सगळ्यात उंच तिथे बसते. ती झाडावरचा पक्षी आहे हे ती विसरलेली नाही. त्यामुळे सगळ्या जणी खोक्यात झोपायच्या, रात्रभर तिथेच घाण करायच्या, आणि सकाळी अंडं त्यात. दांडी वर, खोकी खाली, दर चार-पाच कोंबड्यांना फूटभर लांबी-रुंदीचं एक खोकं, एवढी साधी गोष्ट. ती ज्याला माहीत नाही त्याने ते खुराडं रेखाटलं होतं. त्याला चिंता एकच होती, ते खोक्यात मावलं पाहिजे आणि कुरिअरला हलकं लागलं पाहिजे.

इथे मला जे सुचलं ते मी नंतर प्रत्येक खुराड्यावर ताडून पाहिलं आहे. खुराडं बघितलं की बांधणारा कशाला भीत होता ते कळतं. माझ्या सासूबाई चोराला भीत होत्या, म्हणून त्यांचं खुराडं दगडाचं, बिनखिडकीचं आणि अंथरुणाखाली. खोकेवाला वजनाला भीत होता. आणि मी? मी शेजाऱ्यांना भीत होते. जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू सापडला आणि गावात लोक कोंबड्यांकडे संशयाने बघायला लागले. २००६ साली नवापूरला देशात पहिल्यांदा तो आला तेव्हाच्या बातम्या लोकांच्या डोक्यात होत्या. आमच्याकडे कुणी काही बोललं नाही. पण मी ते पांढरं खुराडं उचलून परसाच्या पार टोकाला, उसाच्या बांधाला नेऊन ठेवलं. वास नको, बोलणी नकोत.

जुलैत सलग पाऊस लागला. प्लायवूड फुगलं, दाराची लाकडी खिट्टी बसेना, मी ती सुतळीने बांधली. त्या रात्री पावसाचा आवाज इतका होता की काहीच ऐकू आलं नसतं, हे खरं. पण साठ-सत्तर फुटांवरचं एरवीही ऐकू आलं नसतंच. सकाळी सुतळी जशीच्या तशी होती. जाळीला एका ठिकाणी मूठभर फुगवटा, आणि आत एक कोंबडी बिनमुंडक्याची, एक अर्धी, एक दिसलीच नाही. उरलेल्या सात वरच्या फळीला चिकटून बसलेल्या. त्या दिवशी त्यांना खाली उतरवायला मला जोंधळे हातात धरून अर्धा तास उभं राहावं लागलं. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "लांब ठेवलंस गं."

मग वेल्डिंगवाला.

त्याने आयुष्यात खिडक्यांची ग्रील आणि गेटं केलेली. खुराडं पहिलंच. माझ्या वहीतलं चित्र त्याने नीट बघितलं: सहा बाय चार, जमिनीपासून दोन फूट उंच पाय, वर उतरता पत्रा, भिंतींचा वरचा अर्धा भाग जाळीचा, लांब बाजू पूर्व-पश्चिम म्हणजे ऊन आत सरळ घुसणार नाही. चार दिवसांनी बघायला गेले तर सगळं मापात होतं, शिवाय दारावर त्याने स्वतःच्या मनाने उगवता सूर्य आणि दोन मोर वळवले होते. मोरांच्या खाली कुलपाची कडी, गेटाला असते तशी, अंगठ्याएवढ्या जाडीची. "आता बिबट्या आला तरी उघडत न्हाय," म्हणाला. आमच्या भागात उसात बिबट्या असतो, तेव्हा तो अगदीच बढाई मारत नव्हता. ते खुराडं ट्रॉलीतून उतरवायला सहा माणसं लागली आणि जिथे टेकलं तिथून ते आजतागायत हललेलं नाही. घूस खालून पोखरते म्हणून त्याच जाळीचा फूटभर पट्टा पायांभोवती जमिनीत आडवा पुरून घेतला. खाली भाताच्या तुसाचा जाड थर, ओला झाला की उसात. कोंबडखतावर आमचा निम्मा भाजीपाला चालतो.

वेल्डिंगवाल्याची भीती कळायला एप्रिल यावा लागला. तो फक्त दात आणि नख्यांना भीत होता. उन्हाला नाही. पत्र्याखाली दुपारी कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून सोडून धापा टाकायला लागल्या. कोंबडीला घाम येत नाही, तिचं गार होणं मुख्यतः त्या उघड्या चोचीतून. यजमानांनी पत्र्यावर वीतभर उसाचं पाचट पसरून वरून जुनी ठिबकची नळी सोडली. मोरांच्या डोक्यावर आता झोपडी आहे. दिसायला विचित्र आहे, पण आतली दुपार सुसह्य झाली.

माझ्या पुतण्याने त्याच्या कंपनीतून आणलेल्या पॅकिंगच्या फळ्यांचं एक खुराडं केलं. ते फुकटात झालं असं तो सांगतो. त्यात खिळे, कटर, दोन रविवार आणि एक टिटॅनसचं इंजेक्शन तो धरत नाही.

आणि वाडीत एक सरकारी मापाची शेडही आहे. फेब्रुवारी २०२१च्या शासन निर्णयात, रोजगार हमीतून जी कामं करता येतात त्यांत कोंबड्यांचा निवाराही आहे. १०० पक्ष्यांसाठी साडेसात चौरस मीटर, पावणेचार मीटर लांब, दोन मीटर रुंद, लांब बाजूला ३० सेंटिमीटर भिंत आणि वर छतापर्यंत जाळी. माप वाचून मी आधी चमकले, कोंबडीमागे एक चौरस फूटही येत नाही. मग लक्षात आलं, हा हिशेब फक्त रात्रीचा आहे. दिवसभर कोंबडी मोकळी फिरणार हे त्यात गृहीत धरलंय. परसातली कोंबडी म्हणतात ती हीच. ज्याने हे माप काढलं त्याने कोंबड्या पाहिलेल्या आहेत. आमच्या वाडीतल्या त्या शेडमध्ये सध्या सरपण आणि एक बंद पडलेली मोटरसायकल आहे, तो दोष शेडचा नाही.

दिवसाचं मात्र कुठलंच खुराडं काही करू शकत नाही. मुंगूस दिवसा येतो. सकाळी नऊ-दहाला, माणसं कामात असताना, बांधाकडून, जमिनीला पोट घासत. कुलपाची कडी तेव्हा उघडीच असते. त्यावर आमच्याकडे इलाज म्हणजे आक्कांचा कोंबडा. तो दिवसभर आमच्याच परसात पडीक असतो आणि पाचोळा वाजला तरी असा ओरडतो की सगळ्या जणी मोरांच्या दाराकडे धावतात. गेल्या वर्षी मुंगसाला एक पिल्लूही मिळालेलं नाही. अर्थात गेल्या वर्षी आमच्याकडे पिल्लं नव्हतीच.

नवं खुराडं मी घराला लागून घेतलं, सोप्याच्या खिडकीखाली. वास येतो. तूस वेळेवर बदललं की कमी येतो. पाहुण्यांना येतो तो येऊ दे. सासूबाईंना आता उजव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी खाट फिरवून घेतली, डावा कान खिडकीकडे. रात्री जेवण झालं की त्या खिडकीतून काठी बाहेर काढून पत्र्याच्या कडेवर दोनदा ठोकतात. आत दांडीवरून कुरकुर येते. मी सुरुवातीला बॅटरी घेऊन जाऊन मोजायचे, सात. त्या काठी आत घेत म्हणायच्या, सात. मग मी जायचं सोडलं.

परवा, म्हणजे संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, त्यांनी काठी ठोकली आणि पुन्हा ठोकली. मग तिसऱ्यांदा. मी भांडी विसळत होते.

"किती?" मी विचारलं.

"सहा," त्या म्हणाल्या.

हात पुसून बॅटरी घेतली आणि गेले. चप्पल घालायचंही सुचलं नाही. कडी लागलेली, जाळी शाबूत. उजेड टाकला, दांडीवर एकीला एक लागून सहा. सातवी खाली, अंड्यांच्या खोक्यात. काळी गावठी. पिसं फुलवून दुप्पट झालेली, पोट तुसाला चिकटलेलं, डोळे उघडे आणि माझ्या आरपार बघणारे. हात पुढे केला तर उठली नाही, घशातून एक खालच्या पट्टीतला आवाज काढला आणि मनगटावर चोच मारली. रक्त नाही आलं, पण येण्याची तयारी होती.

परत येऊन सांगितलं, "आहेत सात. काळी खाली बसलीय."

"मग सहाच की," सासूबाई म्हणाल्या. "सातवी येगळं बोलतीया. खुडूक झालीया ती. बाकीच्या तुझ्या सरकारी हायत, त्या बसायच्या न्हाईत."

ते खरं आहे. ग्रामप्रियासारख्या सुधारित जातींमध्ये खुडूक होणं, म्हणजे अंडी उबवायला बसणं, जवळजवळ निवडूनच काढलंय, बसली की अंडी थांबतात म्हणून. गावठी कोंबडीला ते कुणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या रात्री अंधार पडल्यावर तिच्याखाली अकरा अंडी सरकवली. आकडा विषम हवा, असं आक्का आणि सासूबाई दोघीही म्हणाल्या, का ते दोघींनीही सांगितलं नाही. बसवण्याआधी सासूबाईंनी एकेक अंडं कानाशी धरून हलवून बघितलं आणि एक बाजूला काढलं, त्याच्या जागी दुसरं मागितलं. कॅलेंडरवर २१ दिवस मोजून मी गोल केला.

मोरांच्या जाळीतून दिवसाची पिल्लं सहज बाहेर पडत नाहीत, पण दोन फूट उंचीवरून ती शिडीने उतरतील कशी, हा प्रश्न मला आज दुपारी पडला. आक्कांचं डालगं उंदरांनी कुरतडलंय. बुधवारी बाजाराला जाते, बघते कुणी विणून देतं का. प्लॅस्टिकचं आणायचं नाही असं मला बजावून झालंय.